जास्त चाललेली गाडी ऑइल खाऊ लागली तर: इंजिन उघडण्यापूर्वी करायच्या तपासण्या

एक लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या गाडीत दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात ऑइल कमी होऊ लागले, की मालकाच्या कानावर बहुधा पहिला शब्द पडतो तो ‘हाफ इंजिन’. पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन उघडावे लागेल, असे निदान अनेकदा बॉनेट वर होण्यापूर्वीच सांगून टाकले जाते. साताऱ्यात माझ्याकडे अशा तक्रारीच्या गाड्या बारमाही येतात आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचे काम रिंगांपर्यंत पोहोचतच नाही. कुठे एखादे पॅकिंग गळत असते, कुठे काही शे रुपयांचा वॉल्व्ह अडकलेला असतो, तर कुठे ऑइल चुकीच्या ग्रेडचे भरलेले असते. म्हणून खालील तपासण्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने कराव्यात. पहिल्या काही तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि त्यांतून मिळालेली माहिती पुढे मेकॅनिककडे गेल्यावर आपल्याच बाजूने उभी राहते.

लक्षणे

सर्वांत विश्वासार्ह लक्षण म्हणजे ऑइलच्या पट्टीवरची (डिपस्टिकवरची) उतरलेली पातळी. सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) असलेल्या पेट्रोल गाड्यांत थोडे ऑइल कन्व्हर्टरमध्येच जळून जाते, त्यामुळे डोळ्यांना धूर दिसत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. ऑइल बरेच कमी झाल्यावर वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. तोवर पातळी धोक्याच्या खाली गेलेली असते.

धूर दिसत असेल तर त्याचा रंग आधी नीट ओळखावा. निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर जादा इंधनाचा असतो. दाट पांढरा, लवकर न विरणारा आणि किंचित गोडसर वासाचा धूर कूलंट जळत असल्याचे सांगतो व त्याची तपासणी वेगळी असते. हिवाळ्यात सकाळी दिसणारा आणि इंजिन तापताच नाहीसा होणारा पांढरा धूर ही निव्वळ वाफ असते, तिची चिंता करू नये. याखेरीज प्लग वारंवार काळे व ओलसर होणे, एखादा सिलिंडर मिसफायर होणे, पीयूसी तपासणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढलेला येणे, ही ऑइल जळण्याची आडवाटेने येणारी लक्षणे आहेत.

आधी मोजमाप

‘ऑइल खूप खाते’ या वाक्यावर कोणतेही निदान होत नाही. किती किलोमीटरला किती, हा आकडा हवा.

गाडी सपाट जागेवर उभी करावी. साताऱ्याच्या जुन्या पेठांत अजिंक्यताऱ्याच्या बाजूने येणाऱ्या उतारावर गाड्या उभ्या असतात आणि तिथेच पट्टी काढून पाहिली जाते; अशा उतारावरचे वाचन फसवे असते. इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे ऑइल इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरते. पट्टी पुसून पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग पाहावी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा आणि दर ५०० किलोमीटरला त्याच जागी, त्याच पद्धतीने पातळी पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या व वरच्या खुणेतले अंतर सुमारे एक लिटरचे असते, त्यामुळे हिशेब सोपा होतो.

काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंतचा खप स्वीकारार्ह मानलेला आढळतो. ती मर्यादा कंपनीला वॉरंटीच्या दृष्टीने सोयीची आहे; निरोगी इंजिन याच्या जवळपासही जात नाही. माझा स्वतःचा मापदंड असा आहे: दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीला तीन-चार हजार किलोमीटरला एक लिटर लागत असेल तर वरून ऑइल घालावे आणि गाडी चालवावी. दीड-दोन हजाराला एक लिटर लागू लागले तर कारण शोधावे. हजाराच्या आत एक लिटर संपत असेल तर टाळाटाळ करू नये, कारण जळलेल्या ऑइलची राख कन्व्हर्टर आणि सेन्सर हळूहळू निकामी करते, आणि कन्व्हर्टरची किंमत ऑइलपेक्षा कितीतरी जास्त असते.

मोजताना एक गफलत नेहमी होते. गाडी गावातल्या गावात, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली जात असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि न जळलेले थोडे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहते. त्यामुळे ऑइल जळत असले तरी पातळी स्थिर दिसते. मग एखाद्या दिवशी पुण्याला जाऊन यावे, महामार्गावर इंजिन चांगले तापावे, मिसळलेले पेट्रोल उडून जावे आणि पातळी एकदम खाली यावी, असे घडते. ‘हायवेला गाडी ऑइल खाते’ ही तक्रार कित्येकदा अशी जन्माला येते. उलट पातळी आपोआप वाढत असेल तर गाडी चालवणे थांबवावे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत फिल्टर साफ होण्याची क्रिया वारंवार अर्धवट राहिली की डिझेल चेंबरमध्ये उतरते; अशा पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगे टिकत नाहीत.

ऑइल कोणते आणि किती भरले आहे

पुस्तिका उघडून ग्रेड, म्हणजे ऑइलच्या दाटपणाचा आकडा, पाहावी; आकडा मोठा तितके ऑइल दाट. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ०डब्ल्यू-२० भरले तर झिजलेल्या इंजिनात खप वाढतोच. पण म्हणून एकदम २०डब्ल्यू-५० भरणे हा उपाय नव्हे. दाट ऑइल थंड इंजिनात कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते, आणि ज्या इंजिनांत व्हेरिएबल वॉल्व्ह टायमिंग (वॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आहे तिथे अरुंद वाटांमुळे त्या यंत्रणेचे काम बिघडते. पुस्तिकेत दोन-तीन ग्रेडची मुभा दिलेली असेल तर त्यांतली दाट ग्रेड वापरून पाहण्यास हरकत नाही.

खुणेच्या वर ऑइल भरलेले असणे हाही दोषच आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी चार लिटरचा डबा संपवायचा म्हणून जास्तीचे ऑइल ओतले जाते. मग फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस आणि वाफ होते आणि ती वाफ ब्रीदर नळीतून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेते त्या वाटेत, जाऊन जळते. अशा गाडीची पहिल्या हजार किलोमीटरमधली घट खरा खप म्हणून धरू नये.

सीएनजी गाड्यांच्या मालकांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. सीएनजीवर ऑइल लवकर काळे पडत नाही, त्यामुळे ‘अजून चांगले दिसते’ म्हणून ते बदलणे लांबवले जाते. ऑइलचा रंग त्याचे आयुष्य सांगत नाही. उशिरा बदललेल्या ऑइलचा कीट रिंगांच्या खाचांत जमतो आणि तिथूनच पुढचा सारा त्रास सुरू होतो.

ऑइल जळते आहे की गळते आहे

उभ्या गाडीखाली थेंब पडत नाही, म्हणून गळती नाही, असे समजू नये. चालत्या गाडीत दाब असताना सुटलेले ऑइल वाऱ्याने इंजिनाच्या मागच्या अंगावर आणि खालच्या पत्र्यावर पसरते, ते जमिनीवर येतच नाही. इंजिन थंड असताना बाहेरून डीग्रीझर व ब्रश वापरून स्वच्छ करावे. पाण्याचा जोरदार फवारा कॉइल व सेन्सरवर मारू नये. नंतर शंभरेक किलोमीटर गाडी चालवून वरून खाली, या क्रमाने पाहावे, कारण ऑइल नेहमी वरून खाली ओघळते आणि सर्वांत ओली दिसणारी जागा क्वचितच दोषाची जागा असते.

टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रबरी रिंग, चेंबर नटचा वॉशर या चार जागा आधी पाहाव्यात. त्यांची दुरुस्ती स्वस्त आहे. टायमिंगच्या बाजूचे ऑइल सील मध्यम खर्चाचे. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून गळती थोडी असल्यास ते काम क्लच प्लेट बदलण्याच्या वेळेपर्यंत थांबवून एकत्र करणे शहाणपणाचे ठरते. गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विसंबू नये. स्टँड नसेल तर खाली जाऊच नये.

प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेले दिसले तर घाबरू नये. ते टॅपेट कव्हरमधल्या नळीच्या सीलातून येते. प्लगचे वरचे आटे व चिनी माती ओली असेल तर दोष वरचा. आतला इलेक्ट्रोड ओला व काळा असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये जळते आहे. प्लग काढताना कोणता कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवावे. चारपैकी एकच प्लग ओला निघणे ही मोलाची माहिती आहे, कारण मग दोष एका सिलिंडरपुरता असतो; चारही सारखेच ओले असतील तर पुढची तपासणी आधी करावी.

पीसीव्ही वॉल्व्ह आणि एअर फिल्टर

सिलिंडरमधून रिंगांच्या कडेने थोडा वायू नेहमीच चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर काढून पुन्हा इनटेकमध्ये नेऊन जाळण्याचे काम पीसीव्ही वॉल्व्ह करतो. हा वॉल्व्ह उघडा अडकला तर इनटेकचा व्हॅक्यूम वायूबरोबर ऑइलची वाफही ओढतो आणि गाडी ऑइल खाऊ लागते. तो बंद अडकला तर चेंबरमध्ये दाब साठतो व तो दाब कालपर्यंत सुस्थितीत असलेल्या ऑइल सीलांतून ऑइल बाहेर ढकलतो. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती सुरू झाली असेल तर सील बदलण्यापूर्वी हा वॉल्व्ह पाहावा, नाहीतर नवे सीलही गळते.

सुटा निघणारा वॉल्व्ह काढून कानाजवळ हलवल्यावर खुळखुळ आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर तो बदलावा. आवाज आला म्हणून तो ठीक आहे, असेही ठामपणे म्हणता येत नाही; जुन्या गाडीत तो बदलून टाकणेच बरे, कारण वस्तू स्वस्त आहे. त्याची रबरी नळी कडक झाली असेल किंवा तडकली असेल तर तीही बदलावी. काही इंजिनांत हा वॉल्व्ह टॅपेट कव्हरच्या आतच बसवलेला असतो. तिथे हे काम मेकॅनिककडे सोपवावे.

यानंतर इंजिन आयडलिंगवर ठेवून ऑइल भरण्याचे झाकण उघडावे. हलकी वाफ दिसणे साहजिक आहे. धूर ठोके देत जोराने बाहेर येत असेल, किंवा झाकण नुसते तोंडावर ठेवल्यावर उडत असेल, तर रिंगांच्या कडेने जास्त वायू उतरतो आहे. मात्र हा निष्कर्ष पीसीव्ही ठीक असल्याची खात्री झाल्यावरच काढावा, कारण बंद अडकलेला वॉल्व्हही हेच चित्र दाखवतो. पावसाळ्यात झाकणाच्या आत पिवळसर पांढरा फेस दिसला तर लगेच हेड गॅस्केटवर (इंजिनाचा माथा व ब्लॉक यांमधल्या पॅकिंगवर) संशय घेऊ नये. जवळच्या फेऱ्यांत इंजिनातले बाष्प उडत नाही, त्याचा तो फेस असतो. कूलंटची पातळी उतरत नसेल तर एक लांब फेरी मारून पुन्हा पाहावे.

एअर फिल्टर ऑइल जाळत नाही. पण माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या मातीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांत रिंगा अकाली झिजण्याचे कारण अनेकदा तिथेच सापडते. हवेचा दाब मारून तोच कागदी फिल्टर पुनःपुन्हा वापरला जातो, त्याला बारीक छिद्रे पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. फिल्टरच्या पलीकडच्या नळीत बोट फिरवून पाहावे. बोटाला माती लागली तर पुढचे निदान रिंगांकडे झुकते.

धूर केव्हा येतो

ही तपासणी फुकट आहे आणि सर्वांत बोलकी आहे. ऑइल सिलिंडरमध्ये दोन वाटांनी शिरते: वरून वॉल्व्हच्या दांड्यालगत, किंवा खालून रिंगांच्या कडेने. कोणती वाट, हे धुराची वेळ सांगते.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येऊन नंतर धूर थांबत असेल, तर वॉल्व्हच्या दांड्यालगतचे रबरी वॉल्व्ह सील कडक झाले आहेत. रात्री ऑइल थेंबाथेंबाने खाली उतरलेले असते. दुसरी परीक्षा घाटात होते. पेट्रोल गाडी यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून आणावी. थ्रॉटल बंद असल्यामुळे इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो झिजलेल्या वॉल्व्ह गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) ऑइल ओढतो. उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा लोट दिसला तर दोष सील किंवा गाइडचा समजावा. वाईकडच्या मंडळींना हीच परीक्षा पसरणी घाटात घेता येते. मागे दुसऱ्या गाडीत कोणीतरी बसलेले असावे. आरशात पाहत घाट उतरू नये. सांगली-मिरजेकडे घाट नाही, तिथे मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, गिअरमध्येच गाडी मंदावू देऊन, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यास तेच दिसते.

याउलट घाट चढताना, इंजिनावर भार असताना धूर सतत येत राहिला तर संशय रिंगांवर जातो.

डिझेल गाडीला उताराची ही परीक्षा तशीच लावू नये. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. तिथे वॉल्व्ह सीलांच्या आधी टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) पाहावा. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी नळी उघडल्यावर आत ऑइलचा पातळ थर असणे नेहमीचे आहे. ऑइल साचलेले असेल तर टर्बोचे सील किंवा ब्रीदरची यंत्रणा बिघडलेली आहे. इंजिन थंड व बंद असताना टर्बोचा शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा; आडवा खेळ इतका असेल की पाते भिंतीला घासते, तर टर्बो उतरवावाच लागेल. टर्बो फुटून ऑइल इनटेकमध्ये गेले तर डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर भरधाव चालू राहते आणि किल्लीने बंद होत नाही. तसे झाले तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा म्हणजे इंजिन कोंडून बंद पडते. ते जमले नाही तर गाडीपासून दूर व्हावे. बॉनेट उघडून हात घालण्याचे धाडस करू नये.

इथे थांबावे

घरच्या घरी करण्याजोगे काम इथवरच आहे. पुढच्या तपासण्यांना साधने आणि सराव लागतो. ऑइलचा दिवा पेटून राहिला, खालून ठोके ऐकू आले, रेडिएटरच्या टाकीत ऑइल दिसले किंवा इंजिन तापू लागले, तर वरच्या तपासण्याही बाजूला ठेवून गाडी बंद करावी आणि टो करून न्यावी.

मेकॅनिककडे गेल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजण्याची) मागावी, तीही कोरडी आणि ओली अशी दोन्ही. कोरड्या टेस्टमध्ये एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ही ओली टेस्ट पेट्रोल इंजिनापुरती आहे. डिझेलमध्ये सिलिंडरमधली मोकळी जागा इतकी कमी असते की घातलेल्या ऑइलनेच आकडा फुगतो. लीकडाउन टेस्टची सोय असल्यास आणखी स्पष्ट होते: सिलिंडरमध्ये सोडलेली हवा ऑइलच्या झाकणातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

या टेस्टचीही एक मर्यादा आहे आणि ती न कळल्यामुळे चुकीचे निर्णय होतात. पिस्टनवर सामान्यतः तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात आणि तिसरी भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली उतरवते. ही तिसरी रिंग कीटाने आपल्या खाचेत जाम झाली आणि तिच्यामागची छिद्रे बुजली, तर कॉम्प्रेशन उत्तम येते आणि गाडी तरीही ऑइल खाते. अशा वेळी प्लगच्या छिद्रातून कार्बन विरघळवणारे द्रव घालून, ते काही तास मुरू देऊन, नंतर ऑइल व फिल्टर बदलण्याचा प्रयोग इंजिन उघडण्यापूर्वी जरूर करावा. तो दर वेळी यशस्वी होत नाही, पण खर्च थोडा आहे. प्लग बसवण्यापूर्वी उरलेले द्रव बाहेर काढणे आवश्यक आहे, अन्यथा इंजिन हायड्रोलॉक होऊन, म्हणजे द्रवाने पिस्टन अडून, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हे काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे. गाळाने भरलेल्या इंजिनात जोरकस फ्लश मात्र टाळावा, कारण सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

दोष वॉल्व्ह सीलांचा ठरला तर अनेक इंजिनांत हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून सील बदलता येतात. ‘हेड उतरवावेच लागेल’ असे कोणी सांगितले तर कारण विचारावे. गाइड झिजले असतील तर ते म्हणणे बरोबर आहे.

रिंगांपर्यंत वेळ आली तर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या पोकळीचे) माप घेऊन आकडा दाखवण्याचा आग्रह धरावा. बोअर मर्यादेत असेल तर होनिंग करून (आतली भिंत हलकी घासून) त्याच मापाच्या रिंगा चालतात. बोअर लंबगोल झाला असेल तर नुसत्या रिंगा बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, तिथे बोअरिंग (पोकळी कापून मोठी करणे) आणि ओव्हरसाइझ पिस्टन किंवा स्लीव्ह (आत नवी नळी बसवणे) हाच मार्ग उरतो. सांगलीकडून घेतलेल्या जुन्या गाडीबाबत आणखी एक विचारणा करावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरांत बुडालेल्या गाड्या पुढे बाजारात फिरल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरून बोअरवर गंज धरलेला असेल, तर वरून चकचकीत केलेली गाडीही काही काळाने ऑइल खाऊ लागते. सीटच्या रुळांखाली, अल्टरनेटरच्या फटींत आणि वायरिंगच्या आवरणात गाळ पाहावा. तो सापडला तर इंजिनावर मोठा खर्च करण्यापूर्वी गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा अंदाज एका कागदावर लिहून पाहावा, आणि अंदाज निम्म्याच्या पुढे जात असेल तर वरून ऑइल घालत गाडी वापरणे किंवा सारे स्पष्ट सांगून ती विकणे यांपैकी एक निवडावे.